शून्याच्या खालीं

आमच्या घरांत एक लहानशी खोली आहे. घर बांधणाऱ्यानें नकाशांत तिला अभ्यासिका असें भारदस्त नांव दिलें होतें. परंतु आम्ही येथें राहावयास आल्यापासून पंधरा वर्षें ती अडगळीची खोली म्हणूनच ओळखली जात असे. गणपतीचें मखर, शिवणाचें यंत्र, मुलांचीं जुनीं पुस्तकें आणि भात्यांतून वारा गळणारी एक पेटी, एवढ्या वस्तू तींत गुण्यागोविंदानें नांदत होत्या. मी अध्यापनांतून निवृत्त झालों आणि या खोलीचें नशीब पालटलें. आज घरांतील सर्व माणसें तिला 'स्टुडिओ' म्हणतात. त्या उच्चारांत कौतुक किती आणि थट्टा किती, याचा शोध मीं मुद्दामच घेतलेला नाहीं.

स्टुडिओ म्हणजे काय, तर एक संगणक, त्याच्या शेजारीं इंटरफेस नांवाची विटेएवढी डबी, एका दांडीवर मायक्रोफोन, दोन ध्वनिक्षेपक आणि एक हेडफोन. भिंतींवर आदळून आवाज परत येऊं नये म्हणून मीं तीन बाजूंस गोधड्या टांगल्या आहेत. त्या आमच्या आजीच्या हातच्या. जाणते सांगतात कीं, गोधडी उंच स्वर तेवढे गिळते, खर्जापुढें तिची मात्रा चालत नाहीं. परंतु आमच्याकडे खर्जांत गाणारें कोणी येत नसल्यामुळें तेवढ्यावर भागतें. आत्या प्रथम या खोलींत आली तेव्हां तिनें मायक्रोफोनकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. भिंतीकडे पाहत ती म्हणाली, "अरे, माझ्या आईच्या गोधड्या भिंतीला कसल्या पांघरतोस?"

हा सारा खटाटोप या आत्येसाठींच होता. तिचें वय ८४. लग्नापूर्वीं मिरजेस असतांना ती दोन-तीन वर्षें गाणें शिकली. पुढें संसार आणि मुलांचीं दुखणींखुपणीं यांत तें शिक्षण जेथल्या तेथें राहिलें. परंतु एक भूपाळी तिनें कोणा गुरूकडून नव्हे, तर आपल्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून घेतलेली आहे. आजी भल्या पहांटे ती म्हणत असे; आजी गेली आणि ती आत्येच्या गळ्यांत उरली. तिचे शब्द इतर घरांतही ठाऊक असतील. चाल मात्र मीं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेली नाहीं. दोन कडवीं ती अगदीं साध्या वाटेनें चालते, आणि तिसऱ्या कडव्यांत कांहीं सूचना न देतां तारषड्जावर जाऊन उभी राहते. तेथें आत्या क्षणभर थांबते, मग सावकाश खालीं येते. गाणाऱ्यांच्या भाषेंत अशा ठिकाणाला 'जागा' म्हणतात. ती एक जागा कोठें तरी जपून ठेवावी, एवढीच माझी इच्छा होती. आणि ती जागा मीच नासविली.

चूक निव्वळ अज्ञानाची असती तर तिचें मला एवढें वाईट वाटलें नसतें. ती झाली जुन्या ज्ञानामुळें.

तरुणपणीं मीं नोकरीच्या पहिल्या वर्षीं पैसे सांठवून एक कॅसेट-रेकॉर्डर घेतला होता. फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली १९६३ सालीं. आमच्यासारख्यांच्या घरीं ती पोंचावयास पुढें पंधरा-वीस वर्षें लागलीं. या फितीचा एक स्वभाव होता. कोणीही कांहीं बोलत नसलें तरी ती आपली 'सूं' म्हणून कुजबुजत असे. आवाज हलका मुद्रित झाला तर ऐकतांना तो वाढवावा लागे, आणि त्याच्याबरोबर ती कुजबुजही वाढे. म्हणून जाणत्या माणसाचा नियम असा कीं, मुद्रण करतांना आवाज जितका वर चढवितां येईल तितका चढवावा. यंत्रावरील सुई तांबड्या पट्ट्यांत थोडी डोकावली तरी भिऊं नये. फीत मोठी सोशीक. अतिरेक झाला तरी ती एकदम फाटत नसे; आवाजाचे कंगोरे हळूहळू गोल करी, आणि पुष्कळदां तें कानांना गोडही वाटे. शिवाय ती सुईही भिडस्त होती. ज्या धर्तीची सुई या यंत्रांवर असे ती अमेरिकेंत १९३९ सालीं प्रमाण ठरली. पूर्ण उंची गांठावयास तिला सेकंदाचे सुमारें तीन दशांश लागतात. तेवढ्यांत तबल्याची थाप वाजून गेलेलीही असते. म्हणजे सुई आपणांस आवाजाची सरासरी सांगत असे, शिखरें सांगतच नसे. आणि तीं शिखरें फीत निमूटपणें पोटांत घालीत असे. अशा दोन क्षमाशील वस्तूंच्या सहवासांत माझा हात तयार झाला. तांबडा पट्टा म्हणजे भरघोस आवाज, हें समीकरण मनांत पक्कें बसलें.

संगणकाचा स्वभाव याच्या अगदीं उलट. तो ध्वनीची लहर साठवीत नाहीं. एका सेकंदांत हजारों वेळां तिची उंची मोजतो आणि आंकडे लिहून ठेवतो. १९८२ सालीं निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हे आंकडे सेकंदास ४४,१०० असत. आमची डबी ४८,००० घेते. जो मोठ्यांत मोठा आंकडा लिहितां येतो त्याचें नांव शून्य. येथें शून्य हा तळ नाहीं, शिखर आहे. सगळे आवाज त्याच्या खालीं, उणे सहा, उणे अठरा, उणे साठ असे राहतात. मोजमाप डेसिबेलचें, दर सहा डेसिबेलला लहरीची उंची सुमारें दुप्पट होते. शून्याच्या वर आंकडाच नाहीं. त्यामुळें जी लहर शून्य ओलांडूं पाहते, तिचा माथा सुरीनें कापल्यासारखा सपाट होतो. तो सपाट माथा म्हणजेच ज्याला आपण घरगुती भाषेंत 'आवाज फाटला' म्हणतों तें. फीत अपराध पोटांत घालीत असे. हें यंत्र अपराधाची नोंद करून ठेवतें.

आणि ज्या कुजबुजीच्या भीतीनें मी सुई वर ढकलीत असें, तिचें काय? कॉम्पॅक्ट डिस्कवरील प्रत्येक आंकडा १६ बिटांचा. एका बिटामागें सहा डेसिबेल धरले तर शिखरापासून तळापर्यंत ९६ डेसिबेल होतात. आमच्यासारख्या घरगुती डब्या २४ बिटांनीं लिहितात. गणितानें तेथें १४४ होतात, आणि विजेच्या मंडलांची स्वतःची कुजबुज वजा घातली तरी शंभराच्या वर सहज उरतात. याचा अर्थ असा कीं, गाणारा माणूस शिखरापासून अठरा डेसिबेल खालीं राहिला तरी त्याचें कांहींही हरवत नाहीं. ज्या शत्रूसाठीं मीं किल्ल्याची एक बाजू लढविली होती तो केव्हांच देश सोडून गेला होता. आणि ज्या बाजूस मी निर्धास्त होतों तेथें छत येऊन टेकलें होतें. हें सारें मला पुढें कळलें. त्या दिवशीं कळलेलें नव्हतें.

तो दिवस आषाढांतला. पाऊस थांबलेला होता. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आत्येला पाटावर बसविलें. तिला खुर्चीवर गातां येत नाहीं. मीं म्हटलें, "आत्या, आधीं थोडी चांचणी घेऊं. कांहीं तरी म्हण." तिनें भूपाळीची पहिली ओळ गुणगुणली. मीं डबीवरचें गेनचें बटण फिरवीत फिरवीत तो पट्टा शिखराच्या तीन डेसिबेल खालींपर्यंत आणला आणि समाधानानें मागें टेकलों. आज मला तें आठवून आश्चर्य वाटतें कीं, जन्मभर विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाच्या ध्यानांत एवढें येऊं नये! चांचणीसाठीं गाणारा माणूस चांचणीपुरतेंच गातो. यंत्रापुढें कोणीही प्रथम दबकूनच बोलतो. गाण्यांत जीव गुंतला म्हणजे तोच आवाज सहज दहा डेसिबेल वर जातो, आणि ज्या ठिकाणीं जीव अधिक गुंततो तेंच ठिकाण आपल्याला हवें असतें.

पहिलें कडवें तिनें संकोचानें म्हटलें. दुसऱ्यांत ती मायक्रोफोन विसरली. तिसऱ्यांत ती मलाही विसरली असावी. तारषड्जावर ती गेली आणि थांबली. एरवीं थांबते त्याहून कांकणभर अधिकच थांबली. पडद्यावर तांबडा दिवा लागला, विझला, पुन्हां लागला. मीं त्या दिव्याकडे पाहिलें, आणि खरें सांगावयाचें तर मला आनंद झाला.

पांच मिनिटांनीं आम्ही तें ऐकलें. दोन कडवीं सुरेख. तिसऱ्यांत आत्या वर गेली, आणि त्या ठिकाणीं कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा टर्रकन् फाडावा तसा आवाज झाला. मीं घाईघाईनें पडद्यावरील फेडर खालीं ओढला. पट्टा खालीं आला, आवाज लहान झाला. फाटलेलें मात्र फाटलेलेंच राहिलें. तेव्हां मीं आमच्या भाचेबुवांना फोन केला. ते या विद्येंत माझे गुरु. वयानें चाळीस वर्षांनीं लहान. ते म्हणाले, "मामा, गेन आंकडे लिहिण्याच्या आधीं लागतो, फेडर नंतर. दूध उतूं गेल्यावर गॅस बारीक करून काय होणार?"

मीं आत्येला पुन्हां म्हणावयास सांगितलें. ती म्हणाली, "आतां आवाज बसला रे. पुन्हां केव्हां तरी म्हणूं." मग पाऊस लागला, तिला सर्दी झाली, सर्दीचा खोकला झाला, खोकल्यानें दोन महिने घेतले. गणपती झाले, नवरात्र झालें. मधून मधून ती मला फोनवर विचारी, "तुझं तें यंत्र नीट झालं का?" यंत्राला कांहीं झालेलें नव्हतें, हें तिला कोणत्या तोंडानें सांगणार?

त्या चार महिन्यांत मीं घरांतील सर्वांना छळलें. सौभाग्यवतीस पाकक्रिया वाचावयास लावल्या, नातवाला पाढे म्हणावयास लावले, आणि कोणी न सांपडल्यास स्वतः वर्तमानपत्रांतील अग्रलेख मोठ्यानें वाचले. त्यांतून ज्या गोष्टी हाताला लागल्या त्या बहुतेक अगदीं साध्या आहेत. मायक्रोफोनपासूनचें अंतर दुप्पट केलें कीं तोंडांतून थेट येणारा आवाज सुमारें सहा डेसिबेलनीं उतरतो. खोलीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून गाणारें दूर बसलें आणि आपण गेन वाढविला, तर गाणारें वाढतें खरें, पण शेजारच्या कुकरची शिट्टी, फ्रीजची गुणगुण आणि रस्त्यावरची रिक्षा हीं सारीं त्याच्या खांद्याला खांदा लावून वाढतात. गेनला आपपर नाहीं. गाणारें आणि गोंगाट यांत अंतर पाडावयाचें तर तें जागेवरच, इंचांनीं पाडावें लागतें. उलट फार जवळ बसविलें तर या जातीच्या मायक्रोफोनांत खालचे स्वर फुगतात आणि आत्येसारखीची आत्या कीर्तनकारासारखी ऐकूं येते. शेवटीं एक वीत आणि चार बोटें हें अंतर मला मानवलें. मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवतां किंचित् तिरपा ठेवला म्हणजे 'प' आणि 'भ' यांचे फूत्कारही त्यावर आदळत नाहींत.

एकदां असेंही वाटलें कीं, या बटणांच्या मागें कशाला लागावें? १९०२ सालीं गाइसबर्ग नांवाच्या गृहस्थानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें तेव्हां बटण नव्हतें कीं पट्टा नव्हता. १९२५ च्या सुमारास विजेचें मुद्रण येईपर्यंत सगळा कारभार एका कर्ण्यावर चालत असे. आवाजाची पातळी म्हणजे गाणाऱ्याचें कर्ण्यापासूनचें अंतर. हलका स्वर असला कीं पुढें व्हावयाचें, जोराचा आला कीं मागें सरावयाचें. हीच युक्ति मीं आत्येला फोनवर सांगितली. त्या जागेला जरा मागें सरक, म्हणालों. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "देवाला उठवतांना ऐन वेळीं मागं कसं सरायचं रे?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. ज्याला सरकावयाचें होतें तें यंत्र होतें. आत्येनें सरकावयाचें कांहींच कारण नव्हतें. त्या दिवशीं मीं ठरविलें कीं तिच्या डोक्यावर इतकी मोकळी जागा ठेवावयाची कीं, तिनें उभें राहून हात वर केले तरी छताला लागूं नयेत. (हल्लीं ३२ बिट फ्लोट पद्धतीचीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांत हें भय जवळजवळ उरत नाहीं असें भाचेबुवा सांगतात. जवळजवळ म्हणावयाचें कारण, मायक्रोफोन स्वतःच गुदमरला तर त्याला तें काय करणार! माझ्याजवळ तसें यंत्र नाहीं, आणि आतां घ्यावेंसें वाटत नाहीं.)

मार्गशीर्षांत आत्या आली. या खेपेस मीं तिला आधीं तिसरें कडवेंच म्हणावयास सांगितलें. देवापुढें म्हणतेस तसें म्हण, चांचणी म्हणून म्हणूं नकोस, असें बजाविलें. त्यांतील मोठ्यांत मोठा स्वर शिखराच्या बारा डेसिबेल खालीं राहील असें गेन लावलें, आणि हात गुडघ्यावर ठेवून बसलों. पडद्यावरचा पट्टा उणे अठराच्या आसपास हलत होता. दिसावयास तें अगदीं दरिद्री दिसे. जुन्या संस्कारामुळें हात दोनदां बटणाकडे गेला आणि दोनदां परत आला. आत्या गायली. पट्टा फार तर उणे आठापर्यंत गेला. दिवा लागला नाहीं. मुद्रण निर्मळ झालें, काठोकाठ नव्हे, पण निर्मळ.

परंतु आषाढांत तिनें काळी पांचमध्यें गाइलें होतें. या वेळीं भाचेबुवांकडून पेटीचा सूर मागतांना तिनें काळी चार मागितली. एक सबंध स्वर पट्टी उतरली होती. आणि त्या जागेवर ती गेली, पण थांबली नाहीं. उंबऱ्याला हात लावून परत यावें तशी परत आली. गाणें संपल्यावर पाण्याचा पेला घेत ती म्हणाली, "खोकल्यानं नेलं थोडं." मी कांहीं बोललों नाहीं.

पुढचें काम मिक्सिंगचें. तंबोरा, पेटी आणि टाळ हीं भाचेबुवांनीं वेगवेगळीं मुद्रित केलीं होतीं. त्यांतलें प्रत्येक आपापल्या मर्यादेंत होतें. चौघांना एकत्र सोडतांच बेरजेचा पट्टा वर उसळला. चार सभ्य माणसें एकाच वेळीं बोलूं लागलीं म्हणजे जें होतें तेंच. भाचेबुवांनीं सगळे फेडर तळाला नेले आणि प्रथम आत्येला एकटीला वर आणलें. मग तंबोरा, तो ऐकूं येईपर्यंत वाढवावयाचा आणि मग किंचित् कमी करावयाचा. वाजत असतांना त्याच्याकडे लक्ष जाऊं नये, पण बंद केला तर खोली एकदम ओकी व्हावी. पेटीवरून थोडी वादावादी झाली, कारण ती भाचेबुवांनीं स्वतः वाजविली होती.

खरा वाद झाला तो काँप्रेसरवरून. हें साधन मोठ्या आवाजाला दाबतें आणि मग सगळ्यालाच उचलतें. लहानमोठ्यांतील अंतर कमी होतें. भाचेबुवांनीं तें लावलें आणि मला दोन्ही प्रकार ऐकविले. मला दुसरा आवडला. तो अधिक जवळचा, अधिक भरलेला वाटला. परंतु तोंवर मी थोडा सावध झालों होतों. मीं विचारलें, "दोन्ही सारख्याच मोठ्यानें वाजताहेत ना?" ते हंसले. दुसरा जवळजवळ तीन डेसिबेल मोठा होता. त्यांनीं दोहोंची बरोबरी केली. मग भरलेपणा कोठच्या कोठें गेला आणि उरली ती दोन ओळींच्या मधली आत्येची धाप, जी आतां सुराच्या मांडीला मांडी लावून बसली होती. मोठा आवाज चांगला वाटतो, हा कानाचा जन्मजात पक्षपात आहे. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या दोघांनीं १९३३ सालींच दाखविलें कीं, आवाज हलका असला म्हणजे कानाला खर्जाचे व फार उंच असे स्वर प्रमाणापेक्षां कमी ऐकूं येतात. म्हणजे रात्रीं शेजाऱ्यांना भिऊन हलक्या आवाजांत केलेला निवाडा सकाळीं फिरवावा लागतो. आम्हांला तो तीन वेळां फिरवावा लागला. शेवटीं ध्वनिक्षेपकाच्या बटणाची एक जागा ठरविली, बेतशीर बोलण्याएवढी, आणि सौभाग्यवतीनें तेथें कुंकवाचा ठिपका लावून दिला. मिक्सिंग करतांना तो ठिपका सोडावयाचा नाहीं.

भाचेबुवांचें म्हणणें असें कीं, इतर गाण्यांच्या शेजारीं आपलें गाणें लहान वाटूं नये. एका काळीं या भयानेंच तबकड्या काढणारे लोक एकमेकांवर चढ करीत गेले आणि गाण्यांतील चढउतार भुईसपाट झाले. परंतु आवाजाचें मोठेपण कानाच्या अंगानें मोजण्याची एक आंतरराष्ट्रीय रीत २००६ सालीं ठरली, आणि स्पॉटिफायसारख्या संस्था आतां त्या मापानें उणे १४ च्या आसपास सगळ्यांना एका पंक्तीस बसवितात. ओरडून आलेल्याला त्या खालीं ओढतात. मग ओरडून मिळालें काय? माझा हा युक्तिवाद भाचेबुवांनीं ऐकून घेतला, आणि पुसट हंसून काँप्रेसर निम्म्यावर आणला. एवढ्यावर आम्हीं तह केला. शिखरापाशीं एक डेसिबेलची जागा तेवढी मोकळी ठेवली.

आणि तरीही अखेरचा निकाल स्वयंपाकघरांतून लागला. आम्ही दार उघडें टाकून ऐकत होतों. आंतून भाकरी थापतां थापतां सौभाग्यवती म्हणाली, "शब्द कळत नाहींत. पेटी फार पुढें पुढें करते आहे." भाचेबुवांनीं मान खालीं घालून पेटी दोन डेसिबेल उतरविली. दुसऱ्या खोलींतून ऐकल्याशिवाय कोणतेंही मिक्सिंग पुरें समजूं नये, असें मी आतां सर्वांना सांगतों. हें मला कोणी शिकविलें तें मात्र सांगत नाहीं.

हें आटोपल्यावर भाचेबुवांनीं आषाढांतलें तें पहिलें मुद्रण बाहेर काढलें. कापलेले माथे जोडून देणारीं साधनें आतां मिळतात. लहर कोठपर्यंत चढत होती आणि कोठून उतरली हें पाहून मधला डोंगर तीं अंदाजानें काढून देतात. भाचेबुवांनीं तें केलें. सूर गुळगुळीत झाला. परक्या माणसास संशयही आला नसता. ते एवढ्यावर थांबले नाहींत. हा सूर एक स्वर उतरवून मार्गशीर्षांतल्या तिसऱ्या कडव्यांत बसवूं, म्हणाले. सांधा दिसणार नाहीं. सांधा खरोखरच दिसला नसता, आणि मी मोहांत पडलों नाहीं असें म्हणणें खोटें होईल. पण त्या तारषड्जाचा माथा आत्येनें चढविलेला नव्हता. तो एका हुशार यंत्राचा तर्क होता. आणि त्या तर्काला आजीची भूपाळी म्हणावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार त्या खोलींत बसलेल्या आम्हां दोघांपैकीं कोणालाही नव्हता.

म्हणून पुढच्या रविवारीं आत्येला बोलाविलें आणि तीनही तिच्यापुढें ठेवलीं. मार्गशीर्षांतलें तिनें डोळे मिटून ऐकलें, "ठीक आहे" म्हणाली. जोडून दुरुस्त केलेलें ऐकतांना त्या ठिकाणीं तिच्या कपाळाला आंठी पडली, पण ती कांहीं बोलली नाहीं. मग मीं मनाचा हिय्या करून फाटलेलें लावलें, आणि तें कसें फाटलें, कोणाच्या चुकीनें फाटलें, तेंही सांगितलें. तिनें तें शेवटपर्यंत ऐकलें. नंतर पदर सावरून माझ्याकडे पाहिलें, आणि मी तिच्या रागाची वाट पाहत असतांना तिच्या तोंडावर हळूहळू हंसूं पसरलें.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझा आवाज तुझ्या यंत्रांत मावला नाहीं, असंच ना?"

मीं होय म्हटलें.

"पुन्हां लाव बघूं तेवढं."

मीं ध्वनिक्षेपकाचें बटण कुंकवाच्या ठिपक्यापासून थोडें खालीं आणलें, आणि लावलें.